तारीख कोणी मागितली

‘तारीख कोणी मागितली’ या एका रकान्यावर सगळी सकाळ गेली.

काचेच्या भिंतीवर रंगीत चिठ्ठ्यांच्या रांगा होत्या. एक चिठ्ठी म्हणजे एक रकाना: खटला क्रमांक, दाखल दिनांक, न्यायाधीश, टप्पा, पुढची तारीख. आपले कुठले खटले रखडलेत आणि कशामुळे, हे वकिलांना एका नजरेत दाखवणारी सोय सॉफ्टवेअरमध्ये आणायची होती. कुठली माहिती साठवायची ते ताई ठरवायची आणि ती ठरवेल ते चिकट्या बांधायचा. एखाद्या गोष्टीला चिकटला की सुटत नसे, म्हणून त्याला हे नाव पडलं होतं, आणि त्यालाही ते आवडायचं.

“हा रकाना नको,” ताई म्हणाली. “कोर्टाच्या रोजनाम्यात कारकून धड लिहीत नाहीत. नुसता कचरा गोळा होईल.”

“रोजनाम्यात दुसरं असतंच काय, ताई? अमक्याने तारीख मागितली, दिली. तमक्याने मागितली, दिली.” चिकट्याने खुर्ची पुढे ओढली. “आणि हा रकाना तर तुमच्या दादांनीच सुचवलाय.”

ते खरं होतं. दादा म्हणजे ताईचा सख्खा मोठा भाऊ. तो वकील होता. चाचणीसाठी त्याने स्वतःकडचे खटले दिले होते, पक्षकारांची नावं आणि खटल्यांचे प्रकार झाकून. काम कुठवर आलंय ते बघायला तो दुपारी येणार होता.

“एक गंमत दाखवतो,” चिकट्या म्हणाला. “हा सतरा नंबरचा खटला बघा. एकदा या बाजूने तारीख मागितली, एकदा त्या बाजूने. मग पुन्हा ही, पुन्हा ती. पहिल्यापासून आळीपाळीने, एकदाही क्रम चुकलेला नाही. भांडणारी माणसं इतक्या शिस्तीत भांडतात का?”

ताईने पडद्याकडे पाहिलं. “योगायोग असेल.”

“योगायोग एखाद्या वेळी होतो हो.” चिकट्याने आवाज खाली आणला. “हा खटला कोणालाच संपायला नकोय. म्हणजे दोन्हीकडच्या वकिलांचं साटंलोटं असणार.”

बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की यातला एक वकील कोण आहे. तो कानापर्यंत लाल झाला.

ताई उठली. गुडघ्यांवर बसून, वाकून तिने अगदी खालच्या रांगेतली त्या रकान्याची चिठ्ठी काढली आणि चुरगळून पर्समध्ये टाकली.

“कळलं, ताई,” चिकट्या हळूच म्हणाला. “मी कुठे बोलणार नाही. शेवटी घरचं माणूस आहे.”

दादा तसा नाही, हे वाक्य अगदी तिच्या ओठांवर आलं होतं. दादाला लहानपणी पत्त्यांतसुद्धा लबाडी जमली नव्हती, आणि त्यापायी तो कायम हरायचा. एवढं एक वाक्य बोलायला काय जात होतं? पण ते बोललं असतं, तर चिकट्याने पुढचं विचारलंच असतं. तिने वाक्य गिळलं. स्वतःची लाज वाटली तिला.

दुपारी दादा आला तेव्हा ती पाठीला उशी लावून बसली होती. चिकट्या त्या उशीकडे बघत राहिला. सकाळी ती तिथे नव्हती.

“पाठ कशी आहे?” दादाने आल्या आल्या विचारलं.

“आता बरी आहे.”

“अशी तासन्‌तास बसत जाऊ नकोस.” त्याने बॅगेतून मलमाची ट्यूब काढून तिच्यापुढे ठेवली. “हे लाव. चांगलं असतं म्हणे.”

मग त्याने सगळं नीट पाहिलं, दोन-तीनदा वा वा केलं आणि विचारलं, “तारीख कोणी मागितली ते कुठे दिसतं?”

चिकट्याला अचानक चपलेचा पट्टा नीट करावासा वाटला.

“तो रकाना काढला,” ताई म्हणाली. “नोंदी भरवशाच्या नाहीत.”

“अरेरे.” दादाचा चेहरा उतरला. “एका खटल्यात मला तोच हवा होता. समोरचा पक्का बेरकी आहे. दर खेपेला नवं दुखणं काढतो आणि काम लांबवतो. न्यायाधीशांपुढे ठेवायचं होतं, की बघा, कसा छळ मांडलाय या माणसाने.” बोलता बोलता त्याने ताईकडे पाहिलं, मग चिकट्याकडे पाहिलं आणि विषय आवरता घेतला. “असो. तू काढलास म्हणजे विचार करूनच काढला असशील.”

किती साळसूद आहेत तुमचे दादा, असं चिकट्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं. ताईने ते वाचलं आणि मान खाली घातली.

संध्याकाळी तिने आईला फोन करून मीटिंग लांबल्याचं सांगितलं आणि ती दोन गल्ल्या सोडून असलेल्या हॉटेलात गेली. कोपऱ्यातल्या टेबलापाशी तो आधीच येऊन बसला होता. तिचा चहा मागवून बशीने झाकून ठेवलेला होता.

“काय म्हणाला दादा?” त्याने विचारलं.

“पक्का बेरकी म्हणाला तुला.”

तो हसला. तिला हसू आलं नाही. तिने मलमाची ट्यूब टेबलावर ठेवली.

“माझ्या पाठीसाठी घेऊन आला होता. आणि तिकडे मी त्याला चोर ठरवू दिलं. मला नाही सहन होत आता. सांगून टाकू या.”

“चालेल. तू तुझ्या घरी सांग, मी माझ्या घरी सांगतो.”

चहावर साय धरली.

“बरं,” शेवटी तीच म्हणाली, “या खेपेला तुझी पाळी. काय सांगणार आहेस?”

“दाढ.”

“दाढ झालीये मागे. घटस्फोट नको असेल, तर काहीतरी नवीन दुखायला हवं.”