अर्धा कोयता

गहिनीनाथ मुकादमांना सगळं पसंत पडलं होतं. मांजरसुंब्याच्या ढाब्यावर, चहाचे कप बाजूला सारून, त्यांनी टॅबवरच्या नव्या प्रोग्रॅममध्ये स्वतःच्या बोटाने एक टोळी कारखान्यावर पाठवून पाहिली. उसाच्या गाड्या चढवून पाहिल्या. रेंज नसताना चालतं का ते बघायला नेट बंद केलं. तरी चाललं. अक्षरं मराठी आणि ठळक होती, खिशातला चष्मा काढावा लागला नाही. पुण्याच्या एका कंपनीचा माणूसही येऊन गेला होता. त्याचं सगळं इंग्रजीत होतं, आणि रेंज गेली की पडद्यावर नुसतं चाक फिरत बसायचं, हे त्यांनी आपणहून सांगितलं.

मग घासाघीस सुरू झाली. पहिला हंगाम फुकट द्याल का, साडूही मुकादमच आहे, त्यालाही पेनड्राइव्हवर घालून द्याल का. वर्षाराणी दोन्हींना नाही म्हणाली. प्रविणने घाईने आणखी चहा सांगितला. ऊसतोड टोळ्यांसाठीचा हा प्रोग्रॅम दोघांनी अंबाजोगाईत भाड्याच्या एका खोलीत बसून तयार केला होता आणि अजून एकही विकला गेला नव्हता. गहिनीनाथांनी घेतला तर त्यांच्या ओळखीतले बाकीचे मुकादम मागोमाग घेतील, नाही घेतला तर कोणीच घेणार नाही, हे टेबलाभोवतीच्या तिघांनाही माहीत होतं.

"हे येवढं काढून टाका, मग घेतो," मुकादम म्हणाले.

त्यांचं बोट नवी टोळी भरायच्या पानावर होतं. तिथे प्रत्येक कोयत्यापुढे दोन ओळी होत्या. एकीत पुरुषाचं नाव, दुसरीत बाईचं. बाईचं नाव भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नव्हतं.

"आमच्यात कोयता म्हंजी जोडी. नवरा-बायको मिळून एक. नाव गड्याचं ऱ्हातंय. तुमी बीडच्याच ना म्याडम, का पुण्याहून आलात?"

"बीडचीच. गडी एकटा आला तर त्याला काय म्हणता तुम्ही?"

"अर्धा कोयता."

"मग उरलेला अर्धा कोण?"

मुकादम मोकळेपणाने हसले. "लई शिकल्याला सवाल हाय हा. कारखान्याला टनाशी मतलब."

टेबलाखाली प्रविणचा बूट वर्षाराणीच्या चपलेवर येऊन थांबला. सिस्टीमच तशी आहे, तो मुकादमांना समजावू लागला, आपल्या हातात नसतं, वर कळवून बघतो, काहीतरी मार्ग निघेल. वर कोणीच नव्हतं.

वर्षाराणीने पाय काढून घेतला.

"सिस्टीम मीच लिहिली आहे," ती म्हणाली. "ही ओळ काढायला दोन मिनिटं लागतील. मी काढणार नाही."

प्रविण कपाकडे बघत राहिला. मुकादम मात्र चिडले नाहीत. व्यवहार मोडलाच आहे तर पोरीला निदान समजून तरी जावं, अशा बेताने त्यांनी फोन काढला. बंकट कित्येक हंगाम त्यांच्या टोळीत होता. त्याला फोन लावून त्यांनी स्पीकर चालू केला आणि फोन टेबलावर ठेवला.

"बंकट, तुझ्या बायकोचं नाव काय बे?"

पलीकडून बंकट वाऱ्यात ओरडून बोलला.

"कावून, मुकादम? काय झालं?"

"काय न्हाई झालं. नाव सांग."

"घरचीचं?"

"मग काय माझ्या घरचीचं?"

बंकट अडखळला. "लिवा की. बंकटची बायको."

मुकादमांनी दोन्ही तळहात वर्षाराणीपुढे पसरले. एका नावाला एवढा वेळ. सगळ्या टोळ्या कधी भरायच्या आणि गाड्या कधी हलायच्या?

तेवढ्यात तिकडे फोन दुसऱ्या कोणाच्या तरी हातात गेला.

"कुणाला पायजे माझं नाव?" आवाज बाईचा होता, धाप लागलेला.

मुकादम काही बोलायच्या आत वर्षाराणी फोनवर वाकली. "मला. ऊस कोण तोडतं ते लिहायचंय."

"सरकारी हाय का?"

"नाही. मी बनवलंय."

मग बाई म्हणाली, "लिव. दगडाबाई. पुढं बंकट लावलं तरी चालंल."

वर्षाराणीने लिहिलं. पुढचं पान उघडलं.

"झालं," असं म्हणून मुकादमांनी फोनकडे हात नेला.

"थांब बाई, ठिवू नको," दगडाबाई म्हणाली. "सोयाबीन काढाया टोळीतल्या समद्याच आल्यात हितं." तिने तोंड फिरवून हाक मारली. वाळलेल्या शेंगांमधून पावलं जवळ येऊ लागली. "ही कौशल्या. घातलंस? तिच्या म्होरं संस्कृती, ती नवी हाय, पहिल्यांदाच येणार उसाला." मागे कोणी तरी हसलं. कोणी तरी फोनजवळ येऊन आपलं नाव आपणच सांगितलं, आणि ऐकू गेलं नसेल म्हणून आणखी मोठ्याने सांगितलं.

प्रविणने मान वर केली. मुकादमांचा हात फोनपाशीच थांबला होता.

"मी अजून घेतलं न्हाई हां," ते म्हणाले.

"माहीत आहे," वर्षाराणी लिहिता लिहिता म्हणाली. "फोन बंद करू नका."