ओट्यावरचा कप

कडूबानं पुन्हा न्हाई म्हणलं, तशी वंदना त्याच्या बांधावरच मांडी ठोकून बसली.

"आबा, तुम्ही हो म्हणल्याबिगर मी आज उठत नसते."

"बसा की मॅडम. बांध कुठं पळून चाललाय?" कडूबा म्हणला अन् थर्मास उघडायला लागला.

आता ही वंदना कोण, तर बदनापूरच्या स्टेशनामागच्या गल्लीतली पोरगी. आर्किटेक्ट. अन् जालना रोडला ते आरोग्यनगर व्हायचं होतं ना, त्याचा अख्खा नकाशा तिच्या हातचा. नुसता दवाखाना न्हाई बरं का. दवाखान्याच्या बगलेला नव्या नव्या मशिनी बनवणाऱ्या पोरापोरींची वर्कशॉपं, लॅब, वरती नर्सांचे फ्लॅट, खाली दुकानं, शाळा, सगळं पायी फिरण्यातलं. सकाळी कुणी मशीन जोडावी अन् दुपारी समोरच्या वॉर्डात डॉक्टरांनी ती तपासून बघावी. मुंबईची एक मोठी कंपनी या कामाच्या मागं लागल्ती, पण काम मिळालं आपल्या पोरीला. तिची आई भाजी घेताना भाजीवालीलाबी सांगायची.

अडलं होतं फक्त कडूबापाशी. बाकीच्यान्नी जमिनी देऊन बदल्यात तिथंच गाळे न्हाईतर फ्लॅट घेतले. कडूबाचा तुकडा बराबर मधोमध, अन् ॲम्ब्युलन्सचा रस्ता नेमका त्याच्यावरून. दिवाळीपर्यंत तुकडा हाती आला न्हाई, तर काम मुंबईवाल्यांकडं जाणार. वंदनाला तसं साफ सांगितल्तं.

तुकड्यात झेंडू नुसता पेटला होता. लिंबाखाली एक दगडी ओटा. ओट्यावर फुलांची रास, कोपऱ्यात उदबत्ती जळत होती. कडूबानं एक कप वंदनाला दिला, एक तिच्या हाताखालच्या आर्यनला, एक स्वतःला घेतला. अन् चौथा भरून नीट ओट्यावर ठेवला.

आर्यन पुण्याचा. तो वंदनाच्या कानाला लागला. "मॅडम, समाधी कुणाची आहे, विचारू का?"

वंदनानं असे डोळे केले की तो कप घेऊन मागंच सरकला. मंग तिनं त्याला हळू आवाजात समजावलं, की आपल्याकडं माणूस गेलं की कैकजण त्याला आपल्याच वावरात ठेवतेत, वर ओटा बांधतेत. "असं तोंडावर इचारत नसतेत रे. तुला न्हाई कळायचं, पुणेकर."

इथल्या मातीतल्या माणसालाच कळावी अशी गोष्ट होती ती, अन् ती आपल्याला कळली याचा वंदनाला मनातून अभिमानच वाटला.

"आबा, अडतंय कुठं, तेवढं तरी सांगा."

कडूबानं ओट्याकडं बघितलं, मंग पार झेंडूच्या त्या टोकाकडं.

"माझं काई न्हाई. नंदाबाईला इचारावं लागंल. या ओट्यात तिचा जीव हाय. याच्यावरून गाड्या गेल्या तं ती मला सोडायची न्हाई."

वंदनाच्या अंगावर सरसरून काटा आला.

तेवढ्यात झेंडू तोडणाऱ्या बायांतून एक ओरडली. अंगात गड्याचा शर्ट, डोक्याला टॉवेल. "ओ जीपवाल्या बाई, गाडी रोडला लावा. फुलं धुळीनं भरून राह्यलेत."

वंदना निमूट उठली, जीप रोडला लावून आली. पर्स घ्यायला वाकली तर ओट्यावरचा कप रिकामा. आर्यननं तिच्याकडं बघितलं.

"कावळा शिवला," वंदना पुटपुटली अन् तिनं ओट्याला हात जोडले.

घरी जाऊन तिनं नकाशा फाडला अन् नव्यानं काढला. काय काढला राव! ॲम्ब्युलन्सचा रस्ता पार बाहेरून वळवला. आत एकबी गाडी न्हाई. ओटा, लिंब अन् झेंडूचा एक पट्टा जागच्या जागी, अन् त्याच्या भवती पेशंटच्या नातेवाइकांसाठी चौक. बसायला बाकडी, पडायला सावली, नळ, सैपाकाला चुली. एरवी जिन्यात टॉवेल अंथरून झोपणारी माणसं ती, त्यान्ला पहिल्यांदा कुणीतरी नगराच्या मधोमध जागा दिल्ती.

मीटिंगमध्ये तिनं कडूबाची गोष्ट सांगितली. आजबी बायकोला इचारल्याशिवाय पाऊल न उचलणारा म्हातारा. साहेब लोकांनी चष्मे काढून पुसले. मुंबईवाल्यांचं नाव मंग कुणी काढलंच न्हाई.

नकाशा बघून कडूबा एवढंच म्हणला, की ठिवून जा, दाखवतो तिला. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. "ती हो म्हणली. म्हणली, पोरीनं डोकं लावलंय." वंदना भररस्त्यात रडली.

अन् उभं राह्यलं ना आरोग्यनगर! उद्घाटनाला भोकरदनपसून गाड्या भरून माणसं आल्ती. वंदनानं एक गोष्ट मात्र सगळ्यांपासून लपवल्ती, कडूबापासूनबी. ओट्याला तिनं काळा दगड बसवून घेतला होता, वर मखमली कापड.

कडूबा थर्मास घेऊन आला. मागं हिरव्यागार नव्या लुगड्यात एक बाई. तिनं आल्या आल्या एका पाव्हण्याला गाडी बाहेर लावायला सांगितलं, अन् वंदनानं तिचा आवाज ओळखला. फुलं तोडणारी, शर्टवाली. कडूबा म्हणला, कापड हिच्या हातानं काढा. वंदनाला तर लईच आवडलं. मंत्री बाजूला अन् मान राबणाऱ्या बाईला. आपलं नगर असंच पायजे.

बाईनं कापड ओढलं. पाव्हण्यांनी माना खाली घालून हात जोडले.

कडूबानं ठेवलेला कप उचलून ती बाई ऐसपैस ओट्यावर बसली. एक घोट घेतला. मंग दगडावर बोट फिरवत तिनं सावकाश वाचलं, "कै. नंदाबाई यांच्या पवित्र स्मृतीस," अन् वंदनाकडं बघून म्हणली, "चौक झकास केला पोरी, पण पयलं अक्षर तेवढं खोडून घे, मला अजून उद्याचा झेंडू तोडायचाय."