धाकटीचा स्क्रीन

दोघी सख्ख्या बहिणी एकाच ऑफिसात, शेजारी शेजारी बसायच्या. कॉम्प्युटर एकच, पण त्याच्या पोटात दोन व्हर्च्युअल मशीनं, म्हणजे एकमेकांपासून तोडलेले दोन आभासी कॉम्प्युटर, चालायची. स्क्रीन वेगळे, कीबोर्ड वेगळे. एकीचं काम दुसरीला दिसायचं नाही.

तापाचं निमित्त झालं आणि धाकटी गेली. तिचा कीबोर्ड काढून नेला, तरी तिच्या स्क्रीनवर अक्षरं उमटतच राहिली. ‘ताई’ उमटायचं, पुसलं जायचं, पुन्हा उमटायचं.

“मॅडम, तिचं मशीन मी केव्हाच बंद केलंय,” दुरुस्तीवाला चाचरत म्हणाला.

थोरली स्क्रीनपाशी वाकली. “बोल गं, सोने. मी इथेच आहे.”

अक्षरं थबकली. मग सावकाश एक ओळ उमटली.

‘ताई, तू आज ऑफिसला का आली नाहीस? इथे तुझ्या रिकाम्या खुर्चीपाशी सगळे का रडतायत?’