उजळणी

शंभूच्या कॅन्सरवर इम्युनोथेरपी लागू पडली, पण त्याच औषधाने त्याची आठवण विरत चालली. दर खेपेला नर्स सिद्धी आधी चार प्रश्न विचारायची. उत्तरं चुकली तर औषध थांबणार होतं. औषध थांबलं तर माणूस हातचा जाईल, या धास्तीने त्याची बायको सुमंगला पाळी गावाहून इस्पितळात येताना बसमध्ये त्याच्याकडून सगळं घोकून घ्यायची. नाव, गाव, वार, महिना.

आजही एकही उत्तर चुकलं नाही. सलाईन लावता लावता सिद्धीने शेजारी बसलेल्या सुमंगलाकडे बघत सहज विचारलं, "काका, तुमच्या वांगडा कोण आयलां?"

शंभूने सुमंगलाकडे कौतुकाने पाहिलं. "ही मास्तरीण. बसीत भेटता. बरी शिकयता."



स्वतःचं नाव त्याच्याकडून घोकून घ्यायचं सुमंगलाला कधी सुचलंच नव्हतं.