शर्वरीची हरकत

"एक हरकत आली आहे," म्हणत विवाह अधिकाऱ्यांनी फायलीतून वहीचा कागद काढला. "तुमच्याच घरातून."

निवृत्त शिक्षिका कुमुदिनीबाईंनी कागद हातात घेतला. सहासष्टाव्या वर्षी लग्न ठरलेलं, नवरदेव मोरेश्वरराव शेजारी बसलेले, आणि कागदावरचं अक्षर मोरेश्वररावांच्या आठ वर्षांच्या नातीचं, शर्वरीचं! अर्ज लिहायला तिला कुमुदिनीबाईंनीच शिकवलं होतं.

"विषय : लग्नाला हरकत," त्यांनी मोठ्याने वाचलं. "आजी माझी होणार आणि साक्षीदार मात्र शेजारचे काका. हे चालणार नाही. आपली नम्र, शर्वरी."

कुमुदिनीबाईंना हसू आवरेना.

"साक्षीदार अठरा वर्षांचा लागतो, बाळ," अधिकारी टेबलापाशी उभ्या शर्वरीला म्हणाले.

"मग दहा वर्षं थांबा." शर्वरी हटेना.

"अगं, तोवर माझी कवळीसुद्धा म्हातारी होईल!" मोरेश्वरराव कळवळले.

अधिकाऱ्यांनी कोरा कागद पुढे केला. "मग हरकत मागे घेतल्याचं लिहून दे. तुझ्या सहीशिवाय हे लग्न होणार नाही."

शर्वरी ऐटीत खुर्चीवर चढली. "आजी, तारीख उजवीकडेच ना?"

कालपर्यंत ती त्यांना 'बाई' म्हणत होती. कुमुदिनीबाईंना उजवं-डावं काही सुचेना.