छाटलेलं आम्ल

लिहिणारच नव्हतो हे. उंदरांच्या लेंड्यांची गोष्ट कोण वाचणार? पण राहवत नाही.

लेंड्यांतली रसायनं मोजणाऱ्या मशीनवाल्याने कागद टेबलावर आपटला. "मामा, तुझ्या खोलीत जंतू शिरलाय."

मामा म्हणजे उंदीरमामा. प्रयोगशाळेतले जंतुमुक्त उंदीर तो सांभाळायचा. जन्मापासून पोटात एकही जंतू न गेलेले. त्यांची हवा गाळलेली, दाणे वाफेवर शिजवलेले, हात लावायचा तोही जाड मोज्यातून. ही पैदास उभी करता करता मामाचे केस पिकले होते.

"शक्यच नाही."

"अरे, आलेख बघ. लिव्हर पित्ताम्ल बनवतं. आतड्यातले जंतू ते छाटतात, त्याचं दुसरंच आम्ल होतं. जंतूच नसेल तर छाटणार कोण? आणि हे बघ छाटलेलं आम्ल. ताडासारखं उभंय!"

प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी कागद पाहिला. "संध्याकाळपर्यंत खोली रिकामी करा." रिकामी म्हणजे सगळे उंदीर मारायचे. मग खोली धुवायची आणि पुन्हा श्रीगणेशा.

मामा उंदीर मारायच्या गॅसचं सिलिंडर ढकलत निघाला. दारात थांबला. "तुझं मशीन ना, उद्या उकळत्या पाण्यातही जंतू दाखवेल!"

मशीनवाला हसला. त्याचा मशीनवर स्वतःपेक्षा जास्त भरवसा. मामाला गप्प करायला आणखी एक पुरावा काढू, म्हणून त्याने आलेख पुन्हा उघडला. जंतू एका फटक्यात आम्ल छाटत नाहीत. लिव्हरने त्याला एक शेपूट जोडलेलं असतं. जंतू आधी ते तोडतात, मगच छाटणी. आता शेपूट तुटलेली आम्लं दाखवली की मामाचं तोंड बंद.

एकही सापडलं नाही. सगळ्या शेपट्या शाबूत.

म्हणजे लग्नाचा पत्ता नाही आणि बारसं उरकलं!

त्याचं हसू मावळलं. लेंड्या ज्या द्रावणात विरघळवायचा, तेच नुसतं त्याने मशीनमध्ये सोडलं. त्यात उंदीर नाही, लेंडी नाही, काही नाही.

छाटलेलं आम्ल पुन्हा उभं राहिलं. तेवढंच उंच.

तो पळत सुटला. मामाचा हात सिलिंडरच्या चावीवर होता.

"थांब!"

"का? आता काय डायनोसॉर सापडला माझ्या खोलीत?"

"जंतू नाहीच रे. मी द्रावणाला शेजारच्या टेबलावरची बाटली उसनी आणली. ते लोक पेशी फोडायला हेच छाटलेलं आम्ल साबणासारखं वापरतात. आणि मी बाटली नुसती विसळली."

मामाने चावी सोडली. भिंतीला पाठ टेकून खाली बसला. त्याने काचेतून उंदरांकडे बघितलं.

"मॅडमना काय सांगणार? मशीन बिघडलं म्हणून?"

"मशीन ठणठणीत आहे, मामा. बिघडलो होतो तो मी. असंच सांगणार, तुझ्यासमोर. शब्द देतो."