सिंधुबाईची टोपी

सिंधुबाई भेंडी तोडताना ऊन लागून गेली. दहाव्याला डाळजच्या घाटावर दुपार व्हायला आली, तरी कावळा काही पिंडाला शिवेना. "पोरीला अंतर देणार न्हाय," "बांधाचं भांडण मिटवतो," सगळं कबूल करून झालं. तिचे मालक आबासाहेब हात जोडून जोडून थकले.

शेवटी लेक सुप्रिया म्हणाली, "आबा, आईचा जीव त्या टोपीत अडकलाय."

दोन वर्षांमागं उजनीवर पक्षी बघायला आलेल्या एका बाईनं आपली जुनी, रुंद काठाची गवती टोपी भर उन्हात सिंधुबाईच्या डोक्यावर ठेवली होती. आबासाहेबांनी ती त्याच दिवशी काढून घेतली. "मडम व्हायचंय व्हय? गाव तोंडात शेण घालंल!"

जावई अविराजनं मोटारसायकल काढली, बारामतीची दुकानं पालथी घातली आणि तीन नव्याकोऱ्या टोप्या आणल्या. एकेक करून पिंडापुढं ठेवल्या. बाभळीवरचे कावळे नुसते मान वाकडी करून बघत राहिले.

"तीच लागंल," सुप्रिया म्हणाली. "कुठं टाकली तुमी?"

खाली मान घालून आबासाहेब शेजारच्या मक्यात शिरले, बुजगावण्याच्या डोक्यावरची टोपी काढली, उपरण्यानं पुसली आणि आणून पिंडाशेजारी ठेवली.



टोपी दिसली मात्र, बाभळीवरचे सगळे कावळे ओरडत उडाले, ते परत फिरकलेच नाहीत.